घाटाचा राजा आणि आम्ही प्रजा

(द्वितीय वर्ष, कला)

त्याचे असे झाले. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडले त्या दिवशी चौथा तास रिकामा होता. रिकामा तास हा आपल्या कॉलेजातील सर्वांत सुपीक प्रदेश आहे. सर्व एकांकिका, निम्मी भांडणे आणि झाडून साऱ्या अफवा तिथेच उगवतात. आमची घाट-मोहीमही तिथेच उगवली.

आम्ही चौघे सायकल-स्टँडच्या कट्ट्यावर बसलो होतो. कुणीतरी मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा विषय काढला. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ही माहिती शास्त्रीने पुरवली. त्यावर गिअर छाती फुगवून म्हणाला, "बोरघाट लांब राहिला. आपला पसरणीचा घाट काय वाईट आहे? मी एका दमात पाचगणी गाठीन."

"कशात बसून?" सरपंचाने विचारले.

एवढ्या एका प्रश्नावर मोहीम ठरली. इतिहासातील पुष्कळ मोहिमा यापेक्षा क्षुल्लक कारणावरून निघालेल्या आहेत, असे आम्हांला शिकवलेले आहे.

वाचकांना मंडळींची ओळख करून देणे भाग आहे. खरी नावे लिहिली तर घरोघरी पोचतील, म्हणून टोपणनावांवरच भागवतो. गिअर हा बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. त्याच्या सायकलला एकवीस गिअर आहेत. त्यांपैकी तो तीनच वापरतो, पण उल्लेख मात्र एकवीसांचा करतो. शास्त्री मराठी विशेषचा विद्यार्थी. मराठी विश्वकोशाचे कार्यालय आपल्या वाईत आहे, आणि शास्त्री रोज त्यावरून जातो. तेवढ्याने आपल्या अंगी सर्व विद्या उतरली असा त्याचा प्रामाणिक समज आहे. सरपंच ही आमच्यातली एकमेव मुलगी, विषय भूगोल. तिची शाळेपासूनची लेडीज सायकल अजून ठणठणीत आहे आणि मंडळाचे सर्व निर्णय ती आम्हांला न विचारता घेते, म्हणून सरपंच. चौथा मी. माझी सायकल म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची. चोवीस इंची, काळी, सळईच्या ब्रेकची ॲटलस. माझी उंची पाच फूट तीन इंच असल्यामुळे सायकलवर मी बसलो आहे की सायकलने मला उचलून धरले आहे, हे लांबून सांगता येत नाही.

"तुझी सायकल पोरकी आहे रे," शास्त्री म्हणाला. "तिच्या कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम ३ जून २०२० ला थांबलं. आणि ३ जून कोणता दिवस? जागतिक सायकल दिन!"

"म्हणून तर ती एवढी गंभीर असते," गिअर म्हणाला. "घाटात रडली तर तिची समजूत काढायला माणूस लागेल."

मी हसलो. मंडळात थट्टेला हसून उत्तर द्यायचे असा नियम आहे. पण खरे सांगायचे तर, पहिल्या वर्षी मी ही सायकल स्टँडच्या अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून लावत असे. गाड्यांच्या रांगेत ती लग्नाच्या पंगतीत धुळीच्या पायांनी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी दिसायची. कॉलेजचे तोंड पाहिलेला आमच्या घरातला मी पहिलाच. तेव्हा काय लपवायचे आणि काय नाही, हेही माझे मलाच ठरवावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी सरपंचाने नकाशा आणला आणि कट्ट्यावर पसरून मोहिमेचे अंदाजपत्रक मांडले.

"वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. पाचगणी तेराशेच्या आसपास. अंतर साधारण बारा किलोमीटर. म्हणजे सरासरी वीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर."

"वीसाला एक? म्हणजे पाच टक्के!" गिअर म्हणाला. "एवढी तर आमच्या दुकानात रोखीवर सूट देतात."

"ही सूट नाही, कर आहे. आणि पसरणी गावापर्यंतचे पहिले तीन किलोमीटर बरेच सपाट आहेत. म्हणजे सगळी वसुली उरलेल्या नऊ किलोमीटरांत."

यावर शास्त्रीने पसरणी हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव असल्याचे सांगितले आणि घाट चढताना पोवाडा म्हणावा असा ठराव मांडला. सरपंचाने तो फेटाळला. चढावर श्वास आणि पोवाडा यांपैकी एकच गोष्ट घेता येते, असे तिचे म्हणणे पडले.

मग नियमांची चर्चा सुरू झाली. घाटात सायकलवरून खाली उतरायचे नाही, उतरला तो नापास, असे गिअरने जाहीर केले.

"नापास कशाला?" सरपंच म्हणाली. "उतरून ढकलत नेली तर ए.टी.के.टी. म्हणायचं. गाडी पुढच्या वर्गात जाते, विषय तेवढा मागं राहतो."

सगळे मोठ्याने हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो, कारण सर्वांत मोठे कारण माझ्याकडे होते. पहिल्या वर्षाचे इंग्रजी माझे राहिले होते. ही गोष्ट मी मंडळात कुणाला सांगितली नव्हती आणि घरी तर नाहीच नाही. घरी निकालाच्या दिवशी आईने "पास?" असे विचारले, मी "दुसऱ्या वर्षाला गेलो" असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते. आईने देवापुढे साखर ठेवली. ती साखर मी खाल्लीसुद्धा.

मोहिमेआधी सायकलींचे ओव्हरऑयलिंग करून घ्यावे असे ठरले, म्हणून आम्ही स्टँडमागच्या मामांच्या दुकानी गेलो. मामांनी माझी सायकल उलटी करून चाक फिरवले, कानाने ऐकले आणि डॉक्टरांसारखी मान हलवली. छर्रे बदलले, मागच्या रिंगेची आऊट काढली, चेनीला तेल दिले. मग म्हणाले, "पुढं चव्वेचाळीस दाते, मागं अठरा. पायडल एकदा फिरवलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतंय. सपाटीला झकास. घाटात तेच गळ्याशी येतंय."

"आणि माझं?" गिअरने विचारले.

"तुझ्या हलक्या गिअरला पुढं अठ्ठावीस, मागं अठ्ठावीस. पायडल एक, चाक एक. तुला एकेक पायरी चढायचीय, ह्याला अडीच-अडीच पायऱ्या एकदम."

"म्हणजे हा माझ्या अडीचपट शूर," गिअर म्हणाला.

"किंवा अडीचपट मूर्ख," शास्त्रीने दुरुस्ती केली.

मामांनी मागे बावीस दात्यांचे फ्रीव्हील टाकायचा सल्ला दिला. तेवढे पैसे त्या वेळी माझ्या खिशात होते, पण ते राहिलेल्या विषयाच्या फॉर्मचे होते. आदल्याच आठवड्यात 'परीक्षा फी' म्हणून मी ते आबांकडून मागून घेतले होते. चालू वर्षाची फी त्याआधी एकदा घेतलेली होती. मी मामांना म्हणालो, "राहू द्या, अठराच बरे."

"मानी आहे पोरगा," मामा म्हणाले. मान कसला आणि काय!

सरावाचे पंधरा दिवस फार मजेत गेले. रोज सकाळी मेणवलीपर्यंत जाऊन यायचे असे ठरले होते. पहिल्या दिवशी चौघे आले, दुसऱ्या दिवशी तिघे, तिसऱ्या दिवशी सरपंच एकटीच जाऊन आली आणि कॉलेजात येऊन तिने आमची हजेरी घेतली. गिअर आहारशास्त्रावर आला. त्याने केळी, खजूर आणि गुळाची ढेप यांवर व्याख्यान दिले व दुकानातून खजूर आणले. ते सरावाआधीच संपले. शास्त्रीने सरावाऐवजी वाचन केले. तो दररोज एक नवा पुरावा घेऊन यायचा.

"फ्रान्समधल्या त्या मोठ्या सायकल शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, गिअर बदलायच्या यंत्राला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती," त्याने एके दिवशी गिअरला ऐकवले. "म्हणजे परंपरेनं पाहिलं तर खरा खेळाडू हा चोवीस इंची. तू नुसता यांत्रिकी माणूस."

माझ्या सायकलची बाजू कुणीतरी घेतल्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी मी ती स्टँडच्या मधोमध लावली.

शनिवारी रात्री मी पडवीत सायकल पुसत बसलो होतो. आबा मार्केट यार्डातून आले. ते तिथे हमाली करतात. पाय धुऊन ते माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "उद्या कुठं?"

मी सांगितले. आतून आईचा आवाज आला, "सुखासुखी घाट चढत्यात व्हय कुणी? बसला काय झालं?"

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी सायकलचे कॅरिअर दाबून पाहिले, त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या जुन्या खोबणींवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ह्या किटल्यांच्या."

"कसल्या किटल्या?"

मग जे कळले ते एकोणीस वर्षे एका घरात राहून मला माहीत नव्हते. माझ्या जन्माआधी आबा सात वर्षे रोज पहाटे याच सायकलवरून पाचगणीला दूध घालत होते. दोन बाजूंना दोन किटल्या, एकेक वीस लिटरची. सातवीनंतर शाळा सुटली ती त्या किटल्यांपायी. पुढे दुधाला टेंपो आला आणि ते काम गेले. एवढे सांगायला त्यांना पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

"एवढं ओझं घेऊन घाट कसा चढायचा तुम्ही?" मी विचारले.

"चढायचा कशाला? ढकलायची. खाली पसरणीत उतरायचं आन् वर दांडेघरला बसायचं."

"मग सायकल नेलीच कशाला? घाटात तिचा काय उपयोग?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एवढे कळू नये याचे त्यांना नवल वाटले असावे. "आरं, येताना उतार असतोय की," ते म्हणाले. उठता उठता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, "उताराला एकच ब्रेक धरून बसू नको. मागचा, पुढचा, आलटून पालटून. रिंगा तापत्यात."

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे सहाला आम्ही ढोल्या गणपतीपाशी जमलो. १७६२ साली बांधलेल्या त्या देवळापुढे चौघांनी नारळ फोडला. गणपतीचा आकार पाहून "यांना घाट चढवायला किती गिअर लागतील?" असे शास्त्री पुटपुटला, त्याबद्दल सरपंचाने त्याला कान पकडायला लावले. कृष्णेवर धुके होते. हाताची बोटे ब्रेकवर आखडत होती. पसरणीपर्यंत आम्ही शिट्ट्या वाजवत गेलो.

घाट लागला आणि शिट्ट्या थांबल्या.

पहिल्या वळणावर मी उभा राहून पायडल मारू लागलो. दर वेळी पायाखाली दगड उचलल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या वळणाला सायकल इतकी हळू झाली की तोल जाईना तर नवल. मनात 'ए.टी.के.टी., ए.टी.के.टी.' असा एकच ठेका चालला होता. गिअर केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे सरपंच नागमोडी जात होती आणि शास्त्री कुठे दिसतच नव्हता. मग माझा पाय थांबला आणि मी उतरलो.

उतरलो आणि पहिली गोष्ट अशी जाणवली की ऐकू येत होते. खालच्या शिवारातला पंपाचा आवाज, झाडीतली पाखरे, माझा स्वतःचा श्वास. दहा मिनिटांनी सरपंच आली. तीही उतरलेली. "मी उतरले नाही, सर्वेक्षण करतेय," ती म्हणाली. आणखी दहा मिनिटांनी शास्त्री आला. तो पसरणीतच उतरला होता. त्याच्या चेहऱ्यावर मात्र विजय होता.

"ऐका," तो धापा टाकत म्हणाला, "१९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच डोंगरांत नेली. तूरमाले नावाची खिंड, २,११५ मीटर. ऑक्ताव्ह लापीझ नावाचा गडी. बिचारा काही चढ उतरून, सायकल ढकलत चढला. पुढं तर आयोजकांना त्यानं तोंडावर खुनी म्हटलं. आणि त्या वर्षीची शर्यत कुणी जिंकली? त्यानंच!"

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही पसरणीतच उतरला असता, आणि मला सोबत मिळाली असती. हे उशिरा सुचलं."

मग आम्ही तिघे सायकली ढकलत चालू लागलो. गंमत म्हणजे खऱ्या गप्पा तिथून सुरू झाल्या. खाली धोमचे पाणी उजळत होते, समोर पांडवगड उन्हात आला होता. एका वळणावर रुंद कठडा दिसला. किटल्यांची सायकल टेकवून दम खायला तो बेताचा आहे, असे मला वाटून गेले. आबा इथेच थांबत की आणखी कुठे, मला ठाऊक नाही. मी विचारलेच नव्हते. मी तिथे थोडा वेळ थांबलो. सायकल टेकवून पाहिली. नीट टेकली.

"चल की रे," सरपंच म्हणाली. "की सायकलची समजूत काढतोयस?"

"हो," मी म्हणालो.

बुवासाहेबांच्या देवळाच्या अलीकडे वरून एक सायकल भरधाव येताना दिसली. तो गिअर होता. तो खरोखरच एकदाही न उतरता दांडेघरपर्यंत पोचला होता. तिथे त्याने दोन चहा घेतले, अर्धा तास वाट पाहिली, तीन अनोळखी लोकांना आपला पराक्रम सांगितला. पण त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही.

"अरे, घाटाचा राजा झालो, पण प्रजाच नाही!" तो म्हणाला. "वर कुणाला थट्टा करायची ते कळेना, म्हणून आलो खाली."

आणि तो एकवीस गिअरवाला राजा सायकलवरून उतरला आणि आमच्याबरोबर ढकलत पुन्हा वर निघाला. पाचगणीला आम्ही साडेनऊला पोचलो. मंडळाने तिथल्या तिथे नियमात दुरुस्ती केली: 'घाट चढणे' या शब्दप्रयोगात पायी चढणे अंतर्भूत आहे. सूचक शास्त्री, अनुमोदक सर्वजण.

उतरताना आबांची गोष्ट कळली. तीन तासांचा चढ आम्ही अर्ध्या तासात उतरलो. मागचा ब्रेक, पुढचा ब्रेक, आलटून पालटून. कानात वारा भरला होता, शर्ट फुगला होता, आणि ती काळी सायकल अशी मजेत धावत होती, की हा रस्ता तिला तोंडपाठ असावा. खरोखरच असणार.

संध्याकाळी आबा पडवीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि फार विचार न करता म्हणालो, "आबा, माझं पहिल्या वर्षाचं इंग्रजी राहिलंय."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"एका वर्साची फी दोनदा कोण मागतंय?"

मी गप्प बसलो. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनेही ऐकले होते. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आबांनी विचारले, "कितव्या वळणाला उतरलास?"

"दुसऱ्या."

"मी पयल्या," आबा म्हणाले आणि हसले. त्यानंतर आईने आतून जेवायला हाक मारली. साखरेचा विषय तिने काढला नाही.

ही हकीकत मंडळाला हा अंक हाती पडल्यावरच कळेल. कट्ट्यावर जी थट्टा व्हायची ती होईल. मी हसून उत्तर देईन, नियमच तो आहे. राहिलेला पेपर परीक्षेत पुन्हा द्यायचा आहे. सध्या रोज रात्री एक तास इंग्रजी ढकलतो आहे. ते अजून ओझ्यासारखेच लागते. इंग्रजीच्या सरांनी हे वाचले तर एवढेच समजावे, की विद्यार्थी उतरलेला आहे, परत फिरलेला नाही.

पुढच्या मोहिमेसाठी महाबळेश्वरचा ठराव आलेला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सायकल-स्टँडवर चौकशी करावी. गिअरची अट नाही. काळी चोवीस इंची सायकल मधोमध लावलेली दिसेल.